पुंता गोर्दाच्या अंगणात गरम पाणी

प्रवासाहून आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय पाहिलंत, काय खाल्लंत. आम्ही परत आलो तेव्हा कंधारात कुणी काहीच विचारलं नाही. बसस्टँडवर ओळखीचे भेटले, 'कधी आलात गुरुजी?' म्हणाले आणि लगेच एस.टी.च्या पाटीकडे बघू लागले. आम्ही कुठं गेलो होतो आणि कशासाठी, हे गावाला माहीत होतं. तेव्हा न विचारताच सांगतो. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ऐकणारा नसला तरी सांगायची खोड असते.

आम्ही गेलो होतो रोआतानला. होंडुरास देशाचं हे बेट कॅरिबियन समुद्रात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, पोरांकडून नकाशे भरून घेतले, पण हे नाव माझ्या तोंडी कधी आलं नव्हतं. ते आमच्या घरात बाळूनं आणलं. बाळू म्हणजे आमचा मुलगा, बालाजी. बारावीनंतर डॉक्टर करायचा म्हणून मी त्याला लातूरला क्लासला घातला. दोन वर्षं त्यानं मेसचं पाणचट वरण खाल्लं आणि त्या वरणाला वैतागून खोलीवर स्वतः स्वयंपाक करायला शिकला. डॉक्टर झाला नाही, आचारी झाला. मी सहा महिने त्याच्याशी धड बोललो नाही. पुढं तो एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात लागला. तीन वर्षांपूर्वी ते जहाज या बेटावर थांबलं होतं. तिथून त्यानं आईला फोन केला, "आई, इथल्या एका गावात लई मोठी भाकरी करतेत. तुझ्या तव्याच्या चौपट तवा हाय. एका आजीनं मला बसवून खाऊ घातली." दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज भर समुद्रात असताना तो कामावर आला नाही. जहाज हुडकलं, समुद्र हुडकला. मग कंपनीचं पत्र आलं, 'समुद्रात बेपत्ता'.

बाळू गेला हे मी महिनाभरात मानलं. निदान मला तसं वाटत होतं. माझ्या बायकोनं, अनसूयेनं, मानलं नाही. तिचं एकच म्हणणं, "त्याला पोहता येतंय." आमच्या कंधारच्या तळ्याला जगत्तुंग समुद्र म्हणतात. त्यात बाळू पाठीला डबा बांधून पोहायला शिकला होता. दुसरा समुद्र तिनं कधी पाहिलाच नव्हता. रोज सकाळी ती एक भाकरी जास्तीची करायची आणि टोपल्यात झाकून ठेवायची. "कुणासाठी?" असं मी चिडून विचारलं की म्हणायची, "आला तर?" संध्याकाळी ती भाकरी शेजारच्या गाईच्या पुढ्यात जायची. माझे थोरले भाऊ म्हणत, दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घे, पोराला किती दिवस अधांतरी ठेवतोस? भटजींनीही तेच सांगितलं. पण ती उंबऱ्यात उभी राहिली. "माझ्या जित्या लेकराची पिंडं कामून वळता?" भाऊ चहा न घेता उठून गेले.

मुलगी मीना अमेरिकेत ह्युस्टनला असते. तिथून रोआतानला विमान जातं, या म्हणाली, मी घेऊन जाते. अनसूया लगेच तयार झाली. तिला बाळूला हुडकायचं होतं. मीही तयार झालो, पण माझं कारण वेगळं होतं. खांद्यावरच्या बॅगेच्या तळाशी मी पांढऱ्या रुमालात मूठभर काळे तीळ बांधून घेतले. जिथून तो शेवटचा बोलला त्या किनाऱ्यावर, तिच्या नकळत, त्याला तिलांजली द्यायची आणि मोकळं व्हायचं. म्हणजे एकाच विमानात शेजारी शेजारी बसून ती पोराला आणायला निघाली होती आणि मी त्याला पोचवायला. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तिची शेंगदाण्याची चटणी तीनदा हुंगली. तीळ कुणाच्या नजरेला पडले नाहीत.

रोआतान

बेटावर पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मीनाच्या पोरीला, आमच्या नातीला, ताप भरला. मीना हॉटेलातच थांबली आणि आमची दोघांची नावं एका दिवसाच्या सहलीत घालून दिली. गारिफुना लोकांची किनाऱ्यावरची गावं दाखवणारी सहल. गाडी बंदरावरून सुटणार होती, कारण बाकीचे प्रवासी त्या दिवशी लागलेल्या जहाजावरचे होते. टोप्या घातलेले, अंगाला पांढरं मलम चोपडलेले, हसरे. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला त्यांचा राग आला.

जहाज धक्क्याला लागलेलं होतं. आमच्या कंधारच्या किल्ल्याचा तट त्याच्या कमरेलाही पुरला नसता. अनसूया मान वर करून एकेक मजला बघत राहिली. मग म्हणाली, "येवढ्या उंचावरून पडला आसंल?"

'पडला' हा शब्द तिच्या तोंडून मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी माझ्या बॅगेतल्या रुमालाचा विचार करत होतो.

आमचा वाटाड्या विल्मर नावाचा चाळिशीचा माणूस होता. उंच, काळा, पुढचा एक दात सोन्याचा. तो स्वतः गारिफुना, आम्ही चाललो होतो त्या पुंता गोर्दा गावचाच. गाडी डोंगरातून वर चढली तशी दोन्हीकडं हिरवी दाटी आली आणि खाली समुद्र दिसला. उथळ पाणी पोपटी, पुढं निळं, त्यापुढं जवळजवळ काळं. सगळे अहाहा करून फोन काढू लागले. मला ते पाणी बघवेना. एवढं सुंदर असायचं त्याला काय कारण होतं?

विल्मर इंग्रजीत सांगत होता, मी अनसूयेला मराठीत सांगत होतो. यांचे पूर्वज सेंट व्हिन्सेंट नावाच्या दूरच्या बेटावर राहायचे. आफ्रिकेतून आलेली माणसं आणि बेटावरची मूळ माणसं एकत्र होऊन झालेली ही जमात. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांना हरवलं, जहाजांत कोंबलं आणि इथं आणून सोडून दिलं. वाटेत पुष्कळ मेले. दरवर्षी पुंता गोर्दात लोक होड्यांतून किनाऱ्याला लागतात आणि त्या दिवसाची आठवण करतात.

अनसूया म्हणाली, "वाटंत पाण्यात गेलेलं कुणी माघारी आलं का, इचारा."

मी विचारलं नाही. "न्हाई म्हणतो," असं सांगून टाकलं. तिनं मान हलवली.

पहिला थांबा एका लहान वस्तीवर होता. लाकडी खांबांवर उभी घरं, रंगीत दारं, वाळत टाकलेली जाळी. अनसूयेनं पिशवीतून बाळूचा फोटो काढला. कंधारच्या झेरॉक्सवाल्याकडून तिनं तो लॅमिनेट करून घेतला होता, समुद्राच्या हवेनं भिजू नये म्हणून. शहाळी विकणाऱ्या बाईला दाखवला. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला दाखवला. चर्चच्या पायरीवर बसलेल्या दोघींना दाखवला. भाषा तर येत नव्हती, नुसतं फोटोवर बोट आणि मग डोळ्यांवर बोट. पाहिलं का? माणसं फोटो हातात घेत, नीट बघत आणि नाही म्हणत. मी चार पावलं मागं उभा राहिलो. मला लाज वाटत होती, हे लिहायला आता त्याहून जास्त लाज वाटते.

"हा कोण?" विल्मरनं मला विचारलं. मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि गाडीत बसेपर्यंत ती हातातच धरली.

पुंता गोर्दा

पुंता गोर्दाला पोचल्यावर आधी नाच झाला. माडांच्या झावळ्यांचा मांडव, तीन ढोल, चौकड्यांचे झगे घातलेल्या बायका. पाय इंचभरही उचलायचे नाहीत, नुसते घसटायचे, आणि कंबर मात्र अशी हलवायची की बघणाऱ्याचा श्वास चुकावा. जहाजवाले खुशीत आले. एका बाईनं अनसूयेचा हात धरून तिला मधे ओढलं. ती बिचारी पदर सावरत तिथंच थिजली.

मी विल्मरला विचारलं, हा नाच लग्नातला का? तो म्हणाला, "आमच्यात माणूस मेलं की नवव्या रात्री हा नाचतात. गेलेल्याला हसत निरोप द्यायचा म्हणून. पाहुण्यांना आम्ही ते नेहमी सांगत नाही."

आमच्याकडंही म्हाताऱ्या माणसाच्या तिरडीपुढं हलगी वाजते, तेव्हा मला त्याचं नवल वाटायला नको होतं. पण टाळ्या वाजत होत्या, फोन उंचावले होते आणि त्या गर्दीत माझी बायको एका मेलेल्याच्या नाचात उभी होती. मी पुढं होऊन तिला बाहेर आणलं. "कशाचा नाच हाय?" तिनं विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. ती मागं वळून ढोलांकडं बघत राहिली.

जेवायला केळ्याचा गोळा आणि नारळाच्या दुधातला मासा. हिरवी केळी उकडून लाकडी उखळात मुसळानं कुटतात. उखळ अगदी आपल्याकडचं, फक्त उंच. मासा चवीला चांगला होता, पण माझ्या घशात काटा अडकला आणि एका जहाजवाल्यानं पाठीत दणके घालून तो उतरवला. अनसूयेनं मासळीला हात लावला नाही. बाळू समुद्रात गेल्यापासून ती समुद्रातलं काही खात नाही.

सगळे जेवणात गुंतलेत असं बघून मी किनाऱ्याकडं निघालो. हीच वेळ होती. पाण्याशी जाऊन चपला काढल्या, बॅग उघडली. रुमाल नव्हता. बॅग वाळूत उपडी केली. चष्म्याचं घर, गोळ्या, पासपोर्ट, सगळं होतं, तीळ नव्हते. कुठं पडले असतील ते आठवेना. ओंजळभर पाणी हातात घेऊन नुसतंच नाव घ्यावं म्हटलं, तर नावही तोंडातून निघेना. मी तसाच परतलो आणि मनात म्हणालो, तिळांशिवाय कसं करणार? खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

अनसूया मांडवात नव्हती. विल्मर तिला मागच्या एका घरी घेऊन गेला होता. तिथं फेलिसिता नावाची म्हातारी कसावाची भाकरी करत होती. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. बारीक खडे ठोकलेल्या फळीवर तो किसायचा आणि विणलेल्या लांब पिशवीत भरून पिळायचा, कारण त्याचं पाणी विषारी असतं. उरलेलं पीठ चाळून लोखंडी तव्यावर पसरायचं. तवा केवढा, तर आपल्या चार भाकरी एका वेळी मावतील. बाळूनं फोनवर सांगितला होता तसाच.

अनसूया चुलीपाशी उकिडवी बसली होती. तिनं स्वतःच्या चटणीची पुडी म्हातारीच्या हातावर मोकळी केली होती. म्हातारी ठसकत होती, हसत होती आणि पुन्हा बोट लावून चाटत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

मग फोटो निघाला. फेलिसितानं तो घेतला, झग्याला चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला. मी चार पावलं पुढं आलो होतो, हे मला नंतर कळलं. ती गारिफुना भाषेत बोलली, विल्मरनं इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत.

"ती म्हणते, जहाजांवरची कितीतरी पोरं येतात. सगळ्यांना खाऊ घालते. हा आठवत नाही."

"नीट बघा म्हणावं."

म्हातारीनं पुन्हा बघितलं. बराच वेळ. मग नकारार्थी मान हलवून तिनं फोटो दोन्ही हातांनी परत दिला आणि काहीतरी विचारलं.

विल्मर माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती विचारते, समुद्रात गेला का? त्याला आंघोळ घातली का?"

आंघोळ कसली, ते त्यानंच समजावलं. त्यांच्यात माणूस गेल्यावर काही महिन्यांनी घरचे लोक अंगणात खड्डा करतात आणि मृताचं नाव घेऊन त्यात पाणी ओततात. लांबचं चालून तो थकलेला असतो, त्याला न्हाऊ घालायचं. फेलिसिताचा मुलगा शेवंडी, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या झिंग्या, पकडायला बुड्या मारायचा. एकदा वर आला नाही, सापडलाही नाही. त्याला तिनं याच अंगणात आंघोळ घातली. "ती म्हणते, अंग सगळं खारट झालेलं असतं. गोडं पाणी आईनंच द्यायचं असतं."

हे मी अनसूयेला कसं सांगितलं, आठवत नाही. माझी तयारी होती ती तिच्या ओरडण्याची. माझ्या भावाला ऐकवलं ते ती या म्हातारीलाही ऐकवेल, असं मी धरून चाललो होतो.

ती म्हणाली, "हितं घातली तर चालंल का, इचारा."

चालेल, म्हणाली म्हातारी. पोरानं इथंच भाकरी खाल्ली असेल, तर हे अंगण त्याला सापडेल.

माडाच्या बुंध्याशी अनसूयेनं हातांनीच वाळू उकरली. फेलिसितानं बादली भरून आणली. अनसूयेनं पाण्यात बोट घालून बघितलं. "थंड पाण्यानं तो कधी न्हात न्हवता," ती म्हणाली. मी भाषांतर केलं नाही, तरी म्हातारी समजली. भाकरीचा तवा उतरवून तिनं चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी तापेपर्यंत आम्ही चौघं चुलीभोवती उभे होतो. पलीकडं मांडवात ढोल चालू होते.

पाणी तापलं. अनसूयेनं ते बादलीत विसणलं, कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या पोरासाठी बघतात तसं. मग तिनं कमरेला खोचलेली गाठ सोडली. माझा पांढरा रुमाल होता तो.

"बॅग मीच भरली होती की," ती म्हणाली. "कंधारलाच दिसलं मला."

"मग तू आलीस कशाला?"

"तुमी तीन वर्सं सांगून राहिला, गेला म्हणून. म्हणलं जाऊ. जिथं भाकरी खाल्ली तिथली माणसं न्हाई म्हणली, तर मग न्हाई." तिनं रुमाल उघडला. "घ्या तीळ हातात. बापाचं काम हाय ते."

हात पुढं करण्याऐवजी मी तिचं मनगट धरलं. बादलीतलं पाणी माझ्या पायावर सांडलं. मी ओरडलो, की रडलो, मला सांगता येणार नाही. विल्मरनं मागून माझा खांदा धरला. मी म्हणालो, "थांब. अगं, त्याला पोहता येतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सोडा," ती म्हणाली.

मी सोडलं. तिनं स्वतःच तीळ पाण्यात टाकले. "बाळू, ये रे," म्हणाली आणि तांब्या तांब्या करून सगळं पाणी खड्ड्यात ओतलं. पहिला तांब्या हळू, डोक्यावरून घालतात तसा. वाळूनं पाणी लगेच पिऊन टाकलं. शेवटी तिनं पदराच्या टोकानं खड्ड्याचा काठ टिपला. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला आणि फेलिसितानं तिला छातीशी घेतलं. मी माडाला टेकून उभा होतो. माझ्याजवळ कुणी आलं नाही, आणि ते योग्यच होतं.

गाडीचा हॉर्न वाजला. जहाज वेळेवर सुटायचं होतं. परतीच्या वाटेवर अनसूयेनं म्हातारीनं बांधून दिलेली भाकरी काढली आणि एकेक तुकडा मोडून सगळी खाल्ली. पहिला तुकडा मला दिला होता, तो मला गिळवला नाही. खिडकीतून समुद्र दिसत होता. तेच तीन रंग होते. आता बाळू त्यात होता.

कंधार

गावी येऊन दोन महिने झाले. भावाला सांगितलं, ते म्हणाले, सुटलास. पण सुटलो कुठं? तीन वर्षं मी शहाणपणाच्या गोष्टी सांगत होतो, कारण घरात वाट बघायला ती होती. तिनं वाट बघायची आणि मी तिला समजवायचं, अशी आमची वाटणी झाली होती. तिच्या आशेवर मी फुकट जगत होतो आणि तिलाच वेडी म्हणत होतो. आता घरात बाळूची वाट बघणारं माणूस राहिलं नाही, म्हणून ते काम माझ्याकडं आलं आहे. मला ते जमत नाही आणि सोडवतही नाही. बाहेर फाटक वाजलं की मी उठतो. तिकडं अनसूया पीठ मळत असते, ती मान वर करत नाही.

रोज सकाळी ती नेमक्या चार भाकरी थापते. दोन तिला, दोन मला. माझ्या दोन संपल्या की मी म्हणतो, अजून एक टाक.

"भूक हाय?"

"हाव."

ती पुन्हा पीठ घेते आणि थापते. मी ती भाकरी खात नाही, टोपल्यात झाकून ठेवतो. संध्याकाळी ती टोपलं उघडते, भाकरी घेते आणि गाईला घालून येते. कुणासाठी, असं तिनं अजून एकदाही विचारलेलं नाही.